मारेकरी दारात, कांट घरात!

सप्टेंबर २०१३. दक्षिण रशियातलं रोस्तोव्ह-ऑन-डॉन. बिअरसाठी रांगेत उभे असलेले दोघे गप्पांच्या ओघात एका जर्मन तत्त्वज्ञाकडे वळले. गप्पांचा वाद झाला, वादाची हातापायी झाली आणि एकाने पिस्तूल काढून दुसऱ्यावर रबरी गोळ्या झाडल्या. जखमी माणूस वाचला, झाडणाऱ्याला पोलिसांनी धरलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली: इमॅन्युएल कांटवरून गोळीबार!

कांटला जाऊन तेव्हा २०९ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांनंतरही माणसं त्याच्यावरून तापतात, कारण त्याचं म्हणणंच तसं आहे. एखादी गोष्ट बरोबर की चूक हे तिच्या परिणामांवर ठरत नाही, असं तो सांगतो. काही गोष्टी करायच्याच असतात. काही गोष्टी कितीही फायदा दिसला तरी करायच्याच नसतात. कर्तव्यवादी नीतिशास्त्राचा हा गाभा.

समोरच्या गोटात इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख होईल ते बरोबर, असा त्याचा हिशेब. बेंथमने मरणानंतरही आपण उपयोगी पडावं अशी व्यवस्था करून ठेवली होती. त्याचा सांगाडा त्याच्याच कपड्यांत, मेणाचं डोकं बसवून, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आजही बसवलेला आहे. या दोन गोटांतला वाद अजून मिटलेला नाही, आणि मला तर तो मिटू नये असंच वाटतं.

पट्टेवाले विरुद्ध खोगीरवाले

कांट जन्मला २२ एप्रिल १७२४ रोजी, पूर्व प्रशियातल्या कोनिग्सबर्ग या बंदराच्या शहरात. वडील घोड्यांच्या साजाचे चामडी पट्टे बनवणारे कारागीर. एकदा पट्टेवाल्यांचा आणि खोगीरवाल्यांचा कामाच्या हद्दीवरून मोठा तंटा लागला. वडिलांना त्याची चांगलीच झळ बसली. पण घरातल्या बोलण्यातसुद्धा आई-वडील विरोधकांबद्दल समजुतीने आणि मायेने बोलत. ही आठवण कांटने आयुष्यभर जपली आणि म्हातारपणीही तो ती सांगत असे.

पुढे या कारागिराच्या मुलाने अतिशय अवघड ग्रंथ लिहिले, पण बरोबर काय आणि चूक काय हे ओळखायला मोठी विद्वत्ता लागते, असं तो कधी म्हणाला नाही. साध्यातल्या साध्या माणसाला ते कळतं, यावर त्याचा पक्का विश्वास होता. नीतीवरचं त्याचं सर्वांत गाजलेलं छोटेखानी पुस्तक १७८५ साली निघालं. त्या वर्षी तो ६१ वर्षांचा झाला.

शिस्त कुणाची? एका इंग्रज व्यापाऱ्याची

कांट फिरायला निघाला की शेजारी घड्याळं लावून घेत, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. तरुणपणी मात्र तो असा नव्हता. नीटनेटके, झोकदार कपडे, पत्त्यांचे डाव, बिलियर्ड, रात्री उशिरापर्यंत गप्पांच्या बैठका असा त्याचा दिनक्रम असे. घड्याळाची शिस्त त्याला लागली ती जोसेफ ग्रीन या इंग्रज मित्रामुळे. ग्रीन कोनिग्सबर्गमध्ये व्यापार करायचा. सांगतात की एकदा दोघांचं सकाळी ८ वाजता घोडागाडीतून सहलीला जायचं ठरलं. कांटला दोन मिनिटं उशीर झाला. ग्रीन ठरल्या वेळी एकटाच निघाला. वाटेत कांट समोरून येताना दिसला, त्याने थांबायच्या खुणाही केल्या, पण गाडी काही थांबली नाही.

घरात मार्टिन लांपे नावाचा नोकर होता, जुना शिपाईगडी. पहाटे ५ वाजता मालकाला उठवायचं, मालकाने कितीही गयावया केली तरी झोपू द्यायचं नाही, असा मालकाचाच हुकूम. सुमारे ४० वर्षांच्या चाकरीनंतर १८०२ साली कांटला त्याला काढून टाकावं लागलं. मन मात्र ऐकेना. मग लांपे हे नाव आता पूर्णपणे विसरायचं, अशी चिठ्ठी कांटने स्वतःसाठी लिहून ठेवली.

फिरायचा नेम एकदा चुकला तो रूसोचं 'एमिल' हे पुस्तक हाती आलं म्हणून, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी रूसोचा परिणाम खरा आहे आणि तो कांटने स्वतःच्या टिपणात लिहून ठेवला आहे. ज्ञान हाच माणसाचा मोठेपणा असं आपण समजत होतो, अडाणी लोकांना तुच्छ लेखत होतो आणि रूसोने आपल्याला ताळ्यावर आणलं, अशी कबुली तिथे आहे. माणसांचा मान राखायला आपल्या अभ्यासाचा उपयोग होणार नसेल तर आपण साध्या मजुराहूनही निरुपयोगी ठरू, असंही तो लिहितो. कांटच्या नीतिशास्त्राची किल्ली याच टिपणात आहे, असं मला वाटतं.

दुकानदार प्रामाणिक, पण कशासाठी?

एक दुकानदार आहे. लहान मूल आलं तरी तो भाव वाढवत नाही, मापात मारत नाही. चांगला माणूस? कांट म्हणतो, थांबा, आधी कारण विचारा. गिऱ्हाईक तुटेल म्हणून तो प्रामाणिक असेल, तर उद्या फसवून जास्त फायदा होतोय असं दिसताच प्रामाणिकपणा संपेल. फसवणं चूक आहे म्हणूनच तो फसवत नसेल, तर त्या वागण्याला नैतिक मोल आहे. दोघांचं माप सारखं, गल्ल्यातली रक्कम सारखी, तरी कांटच्या लेखी दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

यावर कवी शिलरने थट्टा केली. मित्रांना मदत करताना मला आनंद होतो, तर मग मी सद्गुणी नाहीच की काय, अशा अर्थाची. थट्टा छान आहे, पण कांटवर अन्याय करणारी आहे. आनंदाने केलेलं सत्कृत्य वाईट, असं कांट म्हणत नाही. आनंद आटला, समोरच्याचा कंटाळा आला, तरीही मदत होते का, एवढंच त्याला पाहायचं आहे. आजारी माणसाच्या उशाशी महिनोन्महिने बसलेल्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

उसने पैसे आणि खोटं वचन

एखादं वागणं योग्य की अयोग्य हे ताडायला कांटने एक कसोटी दिली. ज्या नियमाने तुम्ही वागताय, तो सगळ्यांचाच नियम झाला तर चालेल का?

त्याचंच उदाहरण घ्या. पैशांची नड आहे. परत देता येणार नाहीत हे ठाऊक आहे, तरी परत देतो असं सांगून उसने घ्यायचे आहेत. आता हा सगळ्यांचा नियम करून बघा. नडलेला प्रत्येक जण खोटं वचन देतो, हे जगजाहीर झालं की वचनावर विश्वास ठेवील कोण? उसने देईल कोण? ज्या विश्वासाच्या जोरावर तुम्ही फसवायला निघालात तोच उरत नाही. म्हणजे बाकीच्यांनी नियम पाळावा आणि मी मात्र मोडावा, एवढ्याच अटीवर खोटं वचन चालतं. कांटचा सगळा राग स्वतःपुरत्या काढलेल्या या सवलतीवर आहे.

'लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण लोकांशी वागावं' हे जे अनेक धर्मांत सापडणारं सूत्र आहे, तेच कांटने सांगितलं असं अनेकांना वाटतं. त्याला स्वतःला हे मान्य नव्हतं. १७८५ च्या पुस्तकात एक तळटीप टाकून त्याने ते सूत्र अपुरं ठरवलं. का? तर त्या सूत्राच्या आधारे गुन्हेगारही न्यायाधीशाला सुनावू शकेल: माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला शिक्षा नकोच असती ना, मग मला का देता?

मारेकरी विचारतोय, मित्र आत आहे का?

आता कांटवरचा सर्वांत मोठा आक्षेप. तुमचा मित्र जीव वाचवायला तुमच्या घरात लपलाय. मारेकरी दारात येऊन विचारतो, तो आत आहे का? खोटं बोलायचं की नाही?

फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंटने १७९७ साली हा मुद्दा काढला. सत्य ऐकण्याचा ज्याला हक्क आहे त्याच्याशीच खरं बोलणं हे कर्तव्य, असं त्याचं म्हणणं. मारेकऱ्याला तो हक्क कसला? कांटने त्याच वर्षी उत्तर लिहिलं. गंमत म्हणजे मारेकऱ्याशीही खोटं बोलू नये असं आपण पूर्वी कुठे तरी म्हटलंय हे त्याने कबूल केलं, पण नेमकं कुठे ते त्याला आठवेना. मताला मात्र तो चिकटून राहिला.

त्याचा युक्तिवाद असा. परिणाम तुमच्या हातात नसतात. तो आत नाही असं तुम्ही खोटं सांगितलंत आणि मित्र तेवढ्यात मागच्या बाजूने खरोखरच बाहेर पडला असेल, तर वाटेत मारेकऱ्याने त्याला गाठल्याचं खापर तुमच्या खोटेपणावर फुटेल. खरं बोललात, तर कदाचित मारेकरी घर शोधत असतानाच शेजारी धावून येतील. वाचताना पटत नाही. मलाही पटत नाही, आणि कांटच्या कट्टर चाहत्यांतल्याही अनेकांना पटत नाही. अमेरिकेच्या तत्त्वज्ञ ख्रिस्तीन कोर्सगार्ड यांनी १९८६ साली एका गाजलेल्या निबंधात दाखवलं की मारेकरी स्वतःचा हेतू लपवून विचारत असेल, तर त्याच्याशी खोटं बोलणं कांटच्याच 'सगळ्यांचा नियम' या कसोटीवर टिकू शकतं.

आपल्याला हा पेच ओळखीचा वाटतो, कारण महाभारताच्या कर्णपर्वात तो आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याने सदैव खरं बोलण्याचं व्रत घेतलेलं. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली माणसं त्याच्या देखत जवळच्या रानात शिरली. दरोडेखोरांनी येऊन विचारलं, कौशिकाने खरं ते सांगितलं आणि ती माणसं मारली गेली. कांटने ज्याला निर्दोष म्हटलं असतं, त्या कौशिकाला महाभारत थेट नरकात पाठवतं.

ही गोष्ट श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो तो प्रसंगही कर्तव्याच्या पेचाचाच आहे. गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. युद्धाच्या धामधुमीत चिडलेला युधिष्ठिर नेमकं तेच म्हणून बसला. अर्जुनाने तलवार उपसली! एकीकडे प्रतिज्ञा, दुसरीकडे थोरला भाऊ. श्रीकृष्णाने तोड काढली: वडीलधाऱ्या माणसाला अरे-तुरे करणं हा त्याचा वधच, तेव्हा युधिष्ठिराला एकेरीत चार कठोर शब्द सुनाव, प्रतिज्ञा पुरी झाली. अर्जुनाने ते केलं आणि मग पश्चात्तापाने स्वतःच्या जिवावर उठला. त्यावरही उपाय निघाला: आत्मस्तुती ही आत्महत्याच, तेव्हा स्वतःची भरपूर तारीफ करून घे.

मंडालेच्या तुरुंगात कांट

कांट आणि कौशिक यांचे प्रश्न एकाच पुस्तकात हाताळणारे मराठी लेखक म्हणजे लोकमान्य टिळक. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढलं. ते १९१५ साली छापलं गेलं. त्यातल्या 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात, लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा खुनशी लोकांनी विचारला तर काय करावं, याची चर्चा आहे.

पुढे टिळक बेंथम आणि त्याच्याच गोटातल्या मिल यांच्या सुखाच्या हिशेबाला अपुरं ठरवतात आणि कांट व इंग्रज तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन यांना आपल्या बाजूचे साक्षीदार म्हणून बोलावतात. कृत्याचं बाहेरचं फळ मोजून भागत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते, हा त्यांचा धागा.

साम्य आहे म्हणून गीतेला आणि कांटला एकाच माळेत ओवू नये. गीतेत प्रत्येकाचा स्वधर्म आहे, अर्जुनाचं कर्तव्य क्षत्रियाचं आहे. कांटचा नियम जन्म, जात, धंदा काहीच विचारत नाही. विचार करू शकणाऱ्या प्रत्येकाला तो सारखाच लागू. हा फरक लहान नाही, आणि या एका मुद्द्यावर मी बेधडक कांटच्या बाजूने आहे.

राजाला दिलेलं वचन

खोटं बोलायचं नाही. पण सगळंच सांगायचं का? याचं उत्तर कांटला वयाच्या सत्तरीत स्वतःच्या बाबतीत द्यावं लागलं. १७९३ साली धर्मावरचं त्याचं पुस्तक निघालं आणि प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम दुसरा खवळला. ऑक्टोबर १७९४ मध्ये दरबारातून कडक समज आली. कांटने लेखी वचन दिलं: महाराजांचा अत्यंत निष्ठावान प्रजाजन म्हणून मी यापुढे धर्मावर जाहीरपणे बोलणार नाही.

१७९७ साली राजा वारला. १७९८ साली कांटचं पुढचं पुस्तक आलं आणि त्यात धर्माची चर्चा होती! त्याने खुलासाही छापला. 'महाराजांचा प्रजाजन म्हणून' हे शब्द मुद्दाम घातले होते, वचन त्या महाराजांच्या हयातीपुरतंच होतं.

ही 'नरो वा कुंजरो वा'ची जात झाली का? महाभारतात त्या अर्धवट सत्यानंतर युधिष्ठिराचा जमिनीला न टेकणारा रथ खाली आला. कांटचा रथ मात्र त्याच्या मते वरच राहिला. जे बोलायचं ते खरंच असलं पाहिजे, पण खरं आहे ते सगळं जाहीर बोललंच पाहिजे असं नाही, असं त्याने त्या काळातल्या खासगी टिपणात लिहिलं आहे.

किंमत असते वस्तूला

कांटच्या नीतीतलं दुसरं सूत्र मला पहिल्याहून मोठं वाटतं. माणसाला, मग तो दुसरा असो की तुम्ही स्वतः, निव्वळ साधन म्हणून वापरू नका. निव्वळ हा शब्द महत्त्वाचा. रिक्षावाल्याचा उपयोग आपण करतोच, तोही आपला करतो, त्यात वाईट काही नाही. फसवून, धमकावून, त्याला विचारात न घेता वापरणं वाईट. वस्तूला किंमत असते आणि तिच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवता येते. माणसाला प्रतिष्ठा असते आणि त्याच्या जागी दुसरा ठेवता येत नाही.

हे कागदावरच राहिलं नाही. जानेवारी २००३ मध्ये एका माणसाने चोरलेलं छोटं विमान फ्रँकफर्टच्या उंच इमारतींवर घिरट्या घालत ठेवलं आणि ते बँकेच्या मनोऱ्यावर आदळण्याची धमकी दिली. शहराच्या काळजाचा ठोका चुकला. माणूस सुखरूप उतरला, पण सरकारने कायदा केला: अपहरण झालेलं विमान शस्त्र म्हणून वापरलं जात असेल, तर लष्कराने ते पाडावं. हिशेब सरळ होता. विमानातली माणसं तशीही मरणारच, जमिनीवरची तरी वाचतील.

१५ फेब्रुवारी २००६ रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. निरपराध प्रवाशांना पाडणं म्हणजे इतरांच्या बचावासाठी त्यांना वस्तूसारखं वापरणं, आणि मानवी प्रतिष्ठा अभंग आहे असं सांगणाऱ्या घटनेच्या पहिल्याच कलमात ते बसत नाही. थोड्याच वेळात मरणार असलेल्या माणसाची प्रतिष्ठाही तसूभर कमी होत नाही, हे त्या निकालाचं सार आहे.

फर्डिनांड फॉन शिराख यांनी त्यावर 'टेरर' हे नाटक लिहिलं. २०१५ साली ते रंगमंचावर आलं. ७०,००० प्रेक्षकांनी भरलेल्या स्टेडियमकडे निघालेलं, १६४ जणांचं विमान एका वैमानिकाने हुकमाविरुद्ध पाडलं. खटला उभा राहतो आणि निकाल द्यायचा असतो प्रेक्षकांनी. २०१६ मध्ये त्यावरचा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवला तेव्हा जर्मनीत मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्क्यांनी वैमानिकाला निर्दोष ठरवलं. न्यायालय एकीकडे, जनता दुसरीकडे! मला न्यायालयाची बाजू पटते. ८७ टक्के लोक जणू स्टेडियममध्ये बसून मत देत होते, विमानातल्या खुर्चीवरून नव्हे.

ट्रॅम, पाच मजूर आणि राष्ट्राध्यक्षांची नात

रुळांवर पाच मजूर, बाजूच्या फाट्यावर एक. ब्रेक गेलेली ट्रॅम कुणीकडे वळवायची? समाजमाध्यमांवर हजारो विनोद ज्याच्यावर झाले तो हा पेच इंग्रज तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ साली एका निबंधात मांडला. फूट या अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांची नात. त्यांची आई थेट व्हाइट हाउसमध्येच जन्मलेली.

विनोदांत एक गोष्ट हरवते. फूट यांनी ट्रॅमच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवला होता. जमाव खवळलाय, गुन्हेगार सापडला नाही तर पाच जणांचा जीव घेईल. न्यायाधीशाने एका निरपराध माणसाला फासावर चढवून पाच वाचवावेत का? इथेही हिशेब पाच विरुद्ध एक, पण इथे आपण ठाम नाही म्हणतो. का? मदत करण्याच्या कर्तव्यापेक्षा इजा न करण्याचं कर्तव्य जास्त जड आहे, असं फूट यांचं उत्तर. ट्रॅमच्या चालकाला दोन्ही बाजूंना इजाच करायची आहे, म्हणून तो कमी इजा निवडू शकतो. न्यायाधीश मदतीसाठी इजा करायला निघालाय. खरा प्रश्न ट्रॅमपेक्षा त्या न्यायाधीशाचा आहे, कारण त्याच्यासारख्या खुर्च्या जगात खूप आहेत.

कर्तव्ये सात

कर्तव्यं आपसांत भांडली तर? कांटकडे याचं समाधानकारक उत्तर नाही. स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० साली ते दिलं. त्यांनी सात कर्तव्यं मोजली: शब्द पाळणं, केलेलं नुकसान भरून देणं, कृतज्ञता, न्याय, परोपकार, स्वतःला सुधारणं आणि कुणाला इजा न करणं. प्रत्येक कर्तव्य पहिल्या नजरेला खरंच. त्या त्या प्रसंगी कोणतं जड ते विवेकाने ठरवायचं. भेटायची वेळ दिली होती, वाटेत अपघात दिसला, थांबलात, भेट चुकली. बरोबरच केलंत. पण मोडलेला शब्द पुसला जात नाही, मित्राकडे जाऊन दिलगिरी व्यक्त करणं उरतंच.

हुकमाचा ताबेदार

सर्वांत गंभीर गोष्ट आता. १९६१ साली जेरुसलेममध्ये ॲडॉल्फ आइकमनवर खटला चालला. लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवणाऱ्या गाड्यांची व्यवस्था पाहणारा हा नाझी अधिकारी. आपण आयुष्यभर कांटच्या नीतीने, कर्तव्याच्या त्याच्या व्याख्येने वागलो, असं त्याने सांगितलं. न्यायाधीशांनी खोदून विचारलं, तर त्याने कांटच्या नियमाची बऱ्यापैकी बरोबर व्याख्याही करून दाखवली!

तो खटला वार्तांकनासाठी पाहणाऱ्यांत हॅना आरेंट होत्या. त्या स्वतः जर्मन ज्यू, आणि त्यांचं बालपण गेलं ते कांटच्याच कोनिग्सबर्गमध्ये. १९६३ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी आइकमनचा दावा उलगडून दाखवला. कांटच्या नीतीत नियम येतो तो माणसाच्या स्वतःच्या विवेकातून. आइकमनने त्या जागी हिटलरची इच्छा बसवली होती. आंधळ्या आज्ञापालनाला कांटमध्ये जागाच नाही. स्वतःची बुद्धी वापरण्याचं धाडस करा, असं १७८४ साली बजावणाऱ्या माणसाचं नाव आइकमन घेत होता. पुढे त्यानेच कबूल केलं की ज्यूंच्या संहाराचं काम अंगावर आल्यापासून आपण कांटच्या तत्त्वाने जगणं सोडलं होतं.

कर्तव्य म्हणजे वरून आलेला हुकूम बजावणं, ही समजूत आपल्याकडेही घट्ट आहे. कांटला वरून आलेला कुठलाच हुकूम पुरेसा वाटत नाही, आधी तो तुमच्या विवेकाच्या कसोटीतून पार पडला पाहिजे.

डाग

कांट सगळीकडे कांटसारखा वागला नाही. मानववंशांची उतरंड लावणारं लज्जास्पद लेखन त्याने केलं. स्त्रियांना आणि दुसऱ्यांच्या चाकरीवर जगणाऱ्यांना त्याने मतदानाचा हक्क नाकारला. प्रतिष्ठा सगळ्यांना, असं सांगणाऱ्याकडून हे आलं म्हणून ते जास्त डाचतं. त्याला खोडून काढायला त्याचंच सूत्र पुरतं.

१७९५ च्या 'चिरंतन शांतते'वरच्या पुस्तिकेत मात्र वेगळा सूर आहे. व्यापारी वखारींच्या नावाखाली युरोपीयांनी हिंदुस्थानात परकी सैन्य आणलं, लोकांवर जुलूम, लढाया आणि दुष्काळ लादले, असा आरोप त्याने तिथे केला. हे लिहिणारा माणूस पूर्व प्रशियाबाहेर कधी गेला नव्हता.

सम्राज्ञीपुढे हार

कोनिग्सबर्ग आज रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राड. २०१८ साली तिथल्या विमानतळाला नाव देण्यासाठी मतदान झालं. सुरुवातीला कांट पुढे होता. मग विरोधाची मोहीम उघडली गेली, त्याच्या पुतळ्यावर आणि थडग्यावर रंग फेकला गेला. विमानतळाला नाव मिळालं सम्राज्ञी एलिझाबेथ हिचं. १७५८ साली शहर रशियाच्या ताब्यात असताना याच एलिझाबेथकडे कांटने प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. ती जागाही दुसऱ्यालाच मिळाली.

गाडी विचार करते तेव्हा

चालकाविना धावणाऱ्या गाडीचे ब्रेक फेल झाले तर तिने कुणाला वाचवावं? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१६ साली हा प्रश्न इंटरनेटवर जगाला विचारला. २३३ देश-प्रदेशांतून जवळपास चार कोटी उत्तरं आली आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त माणसं वाचवा आणि म्हाताऱ्यांआधी तरुण वाचवा, असा एकूण कल होता. आशियातल्या अनेक देशांत तरुणांना झुकतं माप कमी मिळालं.

जर्मन सरकारच्या आयोगाने याच गाड्यांसाठी २०१७ साली २० नियम सुचवले. आयोगाचे अध्यक्ष होते उदो दि फाबियो, घटनात्मक न्यायालयाचे माजी न्यायाधीश. कमी माणसांना इजा होईल अशी सर्वसाधारण रचना करायला आयोगाची ना नव्हती. पण अपघात अटळ झाला तर वय, लिंग, शरीराची वा मनाची अवस्था पाहून माणूस निवडायला नववा नियम सक्त मनाई करतो, आणि एकाच्या जिवाची दुसऱ्याच्या जिवाशी वजाबाकी करायलाही. ज्याचा त्या प्रवासाशी काहीच संबंध नाही, असा पदपथावरून चाललेला माणूसही गाडीतल्यांसाठी बळी द्यायचा नाही.